चढण शेवटी येते: बडोद्यात नव्याने आलेल्या भटक्यांसाठी

साताऱ्याहून मी बडोद्यात आले ती १९९९ च्या जूनमध्ये. पहिल्याच रविवारी सवयीने पहाटे जाग आली. गच्चीवर गेले आणि चारी दिशांना पाहत राहिले. ना अजिंक्यतारा, ना यवतेश्वर. जिकडे पाहावं तिकडे जमीन परातीसारखी सपाट. त्या दिवशी मला घरची जितकी आठवण आली तितकी पुढे कधी आली नाही. आता मकरपुऱ्यात, हालोलला, युनिव्हर्सिटीत नव्याने आलेली आपली मुलं-मुली दांडिया बाजारच्या गणपतीत भेटतात आणि विचारतात, "काकू, इथे चालायला आहे काय?" तेव्हा मला ती गच्ची आठवते. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

इथे आहे, भरपूर आहे. पण ते वर पाहून दिसत नाही, खाली पाहावं लागतं. सह्याद्रीत जमीन उभी राहिली आहे, इथे ती चिरली गेली आहे. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर मही वाहते. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात उगम पावून, राजस्थानातून वळसा घेत, ५८३ किलोमीटर चालून ती खंभातच्या आखाताला मिळते. वासद, सिंधरोट भागात तिचे काठ म्हणजे हजारो वर्षं साचलेल्या बारीक मातीचे थर. पावसाच्या पाण्याने ते कापत आणले आणि काठावर वीस-तीस मीटर खोल घळी तयार झाल्या. गुजरातीत त्यांना कोतर म्हणतात. आपणही कोतरंच म्हणू, कारण गावात वाट विचारताना हाच शब्द कामाला येतो. वरून पाहिलं तर तंबाखूचं किंवा एरंडीचं शेत, आणि शेताच्या कडेला अचानक जमीन संपलेली. खाली पिवळ्या मातीच्या भिंती, त्यात पोपटांची आणि पाकोळ्यांची बिळं, तळाशी बोरी-बाभळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काठावर बसूनच राहिले होते.

सह्याद्रीचं अंगवळण इथे उलटं करावं लागतं, आणि नव्या माणसाला कळायला हेच सगळ्यात जड जातं. आपल्याकडे चढण आधी असते. पहाटेच्या गारव्यात, ताज्या पायांनी आपण गडावर जातो आणि दमल्यावर उतार आपल्याला घरी आणतो. कोतरात सुरुवात सोपी असते. गप्पा मारत तासाभरात खाली पोचतो, आणखी थोडं पुढे जाऊ म्हणतो. चढण येते ती परतताना, ऊन डोक्यावर आणि बाटली अर्धी झालेली असताना. त्यात भिंतींमुळे खाली वारा नाही. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये उद्यानाची माणसं चालणाऱ्यांना सांगतात, उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा, आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका. आपली कोतरं त्यापुढे चिमुकली आहेत, पण हिशेब तोच. मी पाण्यावर मोजते: जवळचं एक तृतीयांश पाणी संपलं की वळायचं, समोर कितीही सुंदर वळण दिसत असो.

हा धडा मी चुकून शिकले. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये दोन मैत्रिणी आणि दहा वर्षांचा भाचा घेऊन सिंधरोटच्या बाजूच्या कोतरात उतरले. जाताना फाटे लक्षातही आले नाहीत, कारण वरून येताना सगळ्या घळी एकाच मोठ्या घळीला मिळतात. परतताना मात्र तीच घळ दर पन्नास पावलांवर दुभंगत होती आणि प्रत्येक फाटा सारखाच दिसत होता. दोनदा आंधळ्या टोकाला जाऊन आलो. भाच्याचा चेहरा लाल झाला, त्याने बोलणं बंद केलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. शेळ्या चारणारा एक म्हातारा वर काठावर दिसला, त्याने हाका मारत मारत आम्हाला बाहेर काढलं. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर थांबून मी मागे वळून बघते, परतताना ही जागा कशी दिसेल ते मनात ठेवते आणि तीन दगड किंवा एक मोडकी फांदी आपल्या वाटेच्या तोंडाशी ठेवते. मोबाइलवर वाटेची नोंद करा, पण खोल घळीत तिच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक. या भिंती खडकाच्या नाहीत, मातीच्या आहेत. सावली बघून त्यांच्या पायथ्याशी डबा उघडून बसू नका, ढेकळं सुटतात. पावसाळ्यात आणि अवकाळी पावसानंतर दोन-चार दिवस तिकडे जाऊच नये. नदीत उतरू नये. पात्र उथळ वाटतं आणि एकाएकी डोह लागतो, दरवर्षी तिथे तरुण मुलं बुडतात. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीचेही काठ असेच चिरलेले आहेत आणि पुलावरून हिरवेगार दिसतात. तिथे चालायला जायचं नाही. ती मगरींची नदी आहे, आणि ही ऐकीव गोष्ट नाही, पुलावर उभं राहिलात तर हिवाळ्यात ऊन खात पडलेल्या दिसतील.

ज्यांना चढल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांच्यासाठी पन्नासेक किलोमीटरवर पावागड आहे. माचीपर्यंत गाडी जाते, तिथून रोपवे आहे, पण पायथ्याच्या चांपानेरपासून जुन्या दरवाजांतून पायी चढा. नवरात्रात आणि पौर्णिमेला गर्दी प्रचंड असते, ते दिवस टाळा. जांबुघोडाचं जंगलही चांगलं आहे, विशेषतः पाऊस सरल्यावर.

पण कोतरांची सवय झाली की कच्छला जा. रात्री बडोद्याहून गाडीत बसलं की सकाळी भुज. त्यातल्या एका गाडीचं नावच सयाजीनगरी आहे. सयाजीराव महाराजांच्या नावाची ही गाडी आपल्याला वाळवंटात नेते याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कच्छमध्ये कोणती वाट निवडायची हे फोटो बघून ठरवू नका. सगळे आधी पांढऱ्या रणाचा फोटो दाखवतात. धोरडोचं रण जरूर पाहा, त्यासाठी परवाना काढावा लागतो, ओळखपत्र जवळ ठेवा. पण ते चालण्याचं ठिकाण म्हणून निवडत असाल तर दोन गोष्टी समजून घ्या. पावसाळ्यात रणात पाणी भरतं आणि ते हळूहळू आटतं. वर मिठाची साय धरते, खाली चिखल ओलाच राहतो. नोव्हेंबरात जिथे पाय घोट्यापर्यंत रुततो तिथे फेब्रुवारीत खणखणीत जमीन असते. साय पांढरी आणि कुरकुरीत असेल तर ठीक, करडी आणि ओलसर दिसली की मागे फिरा. दुसरं म्हणजे तिथे खूण नाही. झाड नाही, दगड नाही, दुपारी मृगजळ क्षितिज पुसून टाकतं. अर्धा तास सरळ चाललो असं वाटतं आणि आपण वाकडे गेलेलो असतो. म्हणून रणात सकाळी किंवा संध्याकाळी, जिथवर लोकांना जाऊ देतात तिथवरच चालावं. पलीकडे सीमा आहे, जवान अडवतील तिथे हुज्जत घालू नये, ड्रोन तर न्यूच नये.

माझ्या मते कच्छचं खरं चालणं आहे ते कडिया ध्रोला. भुजपासून चाळीसेक किलोमीटरवर, नखत्राणा तालुक्यात. ध्रो म्हणजे डोह. भूखी नावाच्या नदीने वालुकाश्म कापून, पाण्यासोबत गोल फिरणाऱ्या गोट्यांनी खडक घासून घासून रांजण आणि घळी केल्या आहेत. तांबूस, जांभळट, पिवळे पट्टे एकमेकांवर लपेटलेले. सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर रंग उठतात, भर दुपारी सगळं फिकट दिसतं. शेवटचा टप्पा कच्चा आहे, फाटे फसवे आहेत, म्हणून गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याची मजुरी आधी बोलून घ्या. अंतर विचारलंत तर उत्तर येईल, "आ रह्युं," म्हणजे "हे काय, इथेच." हे "आ रह्युं" दोनशे पावलांचंही असतं आणि दोन कोसांचंही. त्याऐवजी चालत किती वेळ लागतो ते विचारा. ओल्या खडकावर आणि डोहात जाऊ नका. कडा गुळगुळीत झालेल्या असतात, आत घसरलेल्याला वर यायला धरायला काही मिळत नाही. आणि पाऊस तुमच्या डोक्यावर नसला तरी वरच्या अंगाला पडत असेल तर घळीत उतरायचं नाही. कच्छचा वर्षाचा पाऊस मोजक्या दिवसांत पडून जातो, नदी रिकामी असते ती बघता बघता भरते.

धिणोधर डोंगर ३८६ मीटरचा, चढायला सोपा. धोरमनाथांच्या तपाची जागा, नवनाथांच्या कथा ऐकत वाढलेल्यांना तिथे परकं वाटणार नाही. धोलावीराला वेळ द्या. हडप्पाकाळातल्या त्या लोकांनी मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांचं पाणी खडकात खोदलेल्या टाक्यांत साठवलं होतं. वाळवंटात पाण्याचा विचार आधी करायचा असतो हे त्या टाक्यांच्या काठावर उभं राहून जितकं कळतं तितकं कुणाच्या सांगण्याने कळणार नाही. खावडा गावाहून तिथे जाणारा रस्ता रणातूनच जातो.

सामानाचं थोडक्यात. अर्ध्या दिवसाला माणशी तीन लिटर पाणी, त्यात मिठाची सोय हवीच: जिरं-मीठ घातलेली छास किंवा ओआरएसची पुडी. नुसतं पाणी पीत राहिलात तर डोकं हलकं होतं, मळमळतं. खायला थेपले आणि सुखडी, दोन्ही दोन-तीन दिवस सहज टिकतात. आपली दशमीही टिकते, पण इथल्या शेजारणीकडून थेपले शिकून घ्या, त्या निमित्ताने घरोबा होतो. बुटांचा तळवा जाड हवा. कच्छभर गांडो बावळ माजला आहे, त्या वेड्या बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार जातो. चिमटा जवळ ठेवा. दगडाखाली, झुडपाखाली हात घालू नका, फुरसं तिथेच असतं. दिवाळीनंतर निघावं, होळीनंतर थांबावं. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडक थंडी पडते, बडोद्याच्या स्वेटरवर भागत नाही.

पहिल्या खेपेला एकच जागा निवडायची तर काळो डुंगर निवडा. ४६२ मीटर, कच्छमधला सर्वांत उंच. गाडी वरपर्यंत जाते, पण शेवटचा टप्पा पायी चाला. माथ्यावर दत्ताचं देऊळ आहे. साताऱ्याच्या आमच्या घरात गुरुवार कधी चुकला नाही, आणि इतक्या लांब, रणाच्या काठावर दत्तगुरू भेटले तेव्हा मी लहान मुलीसारखी रडले होते. संध्याकाळच्या आरतीनंतर पुजारी भाताचा प्रसाद ओट्यावर ठेवतात आणि "लोंग, लोंग" अशी हाक देतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तांनी "ले अंग" म्हणत आपलं शरीर दिलं, ती ही हाक. कोल्हे झुडपांतून येतात, खातात, निघून जातात. त्या वेळी बोलू नका, फ्लॅश मारू नका, मुलांना जवळ धरा. समोर रण आधी गुलाबी, मग राखाडी होत जातं. अंधार पडायला लागला की वळणावळणाच्या उतारावरून भुजला परतायची घाई करू नका. मुक्काम खावड्यातच धरा आणि खोली दुपारी वर जाण्याआधीच सांगून ठेवा.