घोड्याच्या उवा आणि चौदावा दिवस

थंडी पडली की मला फोन सुरू होतात. "घोडं भिंतीला अंग घासायलाय ओ, काय लावू?" मी उलट विचारतो, आयाळ उलटून बघितली का? बहुतेकांनी बघितलेली नसते. रॉकेल मात्र लावून झालेलं असतं.

सोलापुरात उवांचा मोसम आणि घोड्याच्या कमाईचा मोसम एकच. तुळशीची लग्नं लागली की वराती सुरू. त्याच सुमारास अकलूजचा घोडेबाजार. दत्तजयंतीला काही जण थेट सारंगखेड्याला जाऊन जनावर घेऊन येतात, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. म्हणजे अंगावर केस वाढलेले, अनोळखी घोडी एका दावणीला आणि एकाची झूल दुसऱ्याच्या पाठीवर. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला, केस झडले की उवा आपोआप कमी होतात आणि आपल्याला वाटतं गेल्या. गेलेल्या नसतात, आयाळीच्या बुडाशी तग धरून असतात.

आधी खात्री करा. दुपारच्या उन्हात घोडा उभा करा, पाठीवर झूल टाकून १०-१५ मिनिटं थांबा. ऊब लागली की उवा केसांत वर येतात. मग आयाळीचं बूड, कानामागची जागा, शेपटीचं मूळ, पायाच्या गाठ्यांवरचे लांब केस आणि दोन्ही कुशी, इथे केस दोन्हीकडे फाकवून बघा. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बोलवा, त्याचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात. घोड्यावर उवा दोन जातींच्या. एक चावणारी: पिवळसर, रुंद डोक्याची, १ ते २ मिलिमीटर, कातडीचा कोंडा खाते आणि पटपट पळते. ही जास्त करून मानेवर नि कुशीवर सापडते. दुसरी रक्त पिणारी: करडी, अरुंद डोक्याची, ३ मिलिमीटरच्या आसपास, संथ. ही आयाळीत, शेपटीच्या मुळाशी आणि पायाच्या लांब केसांत. कोणती आहे ते नक्की बघून ठेवा, पुढे उपयोग होतो.

लिखा आणि कोंडा यांत लोक फसतात. फुंकर मारा. उडाला तो कोंडा, केसाला चिकटून राहिली ती लीख.

खाज म्हणजे उवाच असंही नाही. फक्त शेपटीचं मूळ घासत असेल तर पोटातल्या जंतांकडे बघा. पावसाळ्यात आयाळ-शेपूट घासून रक्तबंबाळ करणारी खाज बहुधा चिलटांची. गोल चट्टे म्हणजे गजकर्ण, जाड सुरकुतलेली कातडी म्हणजे खरूज. यातलं काही वाटलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तरी तेच. रक्त पिणाऱ्या उवा फार झाल्या की घोड्याच्या अंगात रक्त उरत नाही, शिंगरू आणि म्हातारं जनावर तर लवकर खंगतं.

आता औषध. पायरेथ्रॉइड गटातलं घ्यायचं: पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन. शेवंतीच्या जातीतल्या एका फुलात जे कीटकनाशक असतं, त्याची ही कारखान्यात केलेली नक्कल. किती पाण्यात किती मिसळायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या, कारण आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवरचं प्रमाण गाईम्हशींसाठी छापलेलं असतं. गाभण घोडी आणि लहान शिंगरू यांचं तर विचारल्याशिवाय काहीच करू नका.

आणि एक नाव पाठ करा: अमिट्राझ. गोचिडांसाठी ते सर्रास विकलं जातं, गाईवर, कुत्र्यावर चालतं. घोड्यावर चालत नाही. घोड्याच्या आतड्याची हालचालच त्याने मंदावते, थांबते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दुकानातून "गोचीड-उवा, सगळ्याला एकच" म्हणून बाटली मिळाली, मी घोडी धुतली. दुसऱ्या दिवशी लीद बंद. रात्रभर तिला चालवत होतो, ती सारखी पोटाकडे वळून बघत होती. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं तेव्हा वाचली. घोड्याला ओकता येत नाही, पोटात अडकलं की अडकलं. म्हणून बाटलीवरचं ठळक नाव नको, आतलं बारीक अक्षर वाचा.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. रॉकेल नि डिझेलने कातडी भाजते. तंबाखूचं पाणी विष आहे, ते कातडीतूनही अंगात जातं. जुनी माणसं अजून गॅमॅक्सीन पावडरीची आठवण काढतात. ती पावडर म्हणजे बीएचसी, त्यावर देशात १९९७ पासून बंदी आहे, कोणी डबा काढून दिला तरी घेऊ नका. करंजाच्या नाही तर कडुनिंबाच्या तेलाने कातडी मऊ पडते, उवा संपत नाहीत. आयव्हरमेक्टिनची तोंडातून द्यायची पेस्ट रक्त पिणाऱ्या उवांवर बरी लागू पडते, पण चावणारी ऊ रक्त पीतच नाही, तर रक्तातलं औषध तिच्या पोटात जाणार कसं? म्हणून वर म्हटलं, जात बघून ठेवा. याच औषधाचं गाईचं इंजेक्शन तर घोड्याला टोचूच नका, टोचलेल्या जागी भयंकर सूज येऊ शकते.

धुणं सोपं आहे. केस फार वाढले असतील तर अंगावरचे कातरून घ्या. वरातीच्या घोड्याची आयाळ कातरा असं मी म्हणणार नाही, त्या मोसमात त्याला कोणी विचारणार नाही. आधी खरारा, मग हातमोजे घालून दुपारी १२ ते २ मध्ये स्पंजाने केसांच्या उलट दिशेने औषध चोळा, कातडीपर्यंत भिजलं पाहिजे. तोंडाला फवारा मारू नका, डोळे सोडून ओल्या फडक्याने पुसा. तबेल्यातलं मांजर घोडा वाळेपर्यंत लांब ठेवा, पर्मेथ्रिन मांजराला मारतं. उरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका, मासे मरतात.

इथवर सगळे करतात. घोडा आठ दिवस शांत राहतो, मालक खूश. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घासायला लागतो, आणि मालक म्हणतो, "औषध भेसळीचं निघालं."

मीही तेच म्हणत होतो, सलग दोन हिवाळे. पहिल्या वर्षी औषध बदललं. दुसऱ्या वर्षी प्रमाण दुप्पट केलं, तेव्हा घोडीच्या मानेवरची कातडी सोलून निघाली आणि उवा होत्या तिथेच. तेव्हा एका डॉक्टरांनी मला बसवून साधा हिशोब सांगितला. औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. लिखेचं कवच औषधाला दाद देत नाही, तुम्ही प्रमाण चौपट केलंत तरी. चावणाऱ्या उवेची लीख साधारण ५ ते १० दिवसांत फुटते, रक्त पिणाऱ्या उवेची ११ ते २० दिवसांत. फुटून निघालेलं पिल्लू मोठं होऊन स्वतः लिखा घालायला आणखी दोनेक आठवडे घेतं. आपल्याला गाठायचंय ते मधलं अंतर: पिल्लं बाहेर पडलेली, पण त्यांनी अजून काही घातलेलं नाही.

ते अंतर म्हणजे चौदावा दिवस. आठव्या दिवशी धुतलंत तर अर्ध्या लिखा अजून बंद असतात, औषध वाया. पंचविसाव्या दिवशी धुतलंत तर नवी पिढी लिखा घालून मोकळी झालेली असते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. रक्त पिणाऱ्या उवा असतील तर उशिरा फुटणाऱ्या लिखांसाठी २८ व्या दिवशी तिसरं धुणं. घोडा खाजवत असो वा नसो. "आता दिसत नाहीत, कशाला उगाच?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याची चीड येते. दिसत नाहीत तेव्हाच धुवायचं असतं.

आणि हा चौदावा दिवस आपल्याकडे हमखास चुकतो, कारण त्या दिवशी लग्न असतं. म्हणून मी पहिलं धुणं कधी करायचं ते पंचांग बघून ठरवतो. थट्टा नाही. मुहूर्ताच्या तारखा बघायच्या, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस मोकळा येईल असा पहिला दिवस धरायचा आणि तिन्ही तारखा दावणीवरच्या भिंतीवर खडूने लिहायच्या. एखादा दिवस पुढे ढकलला तर चालतं. एक आठवडा ढकलला तर सगळंच पुन्हा.

दुसरी चूक: खाजवतोय त्यालाच धुणं. दावणीला चार असतील तर चारही एकाच दिवशी धुवायचे. मोतद्दार वैतागतो, वैतागू दे. गाढव असेल तर तेही धुवा, रक्त पिणारी ऊ घोड्यावर नि गाढवावर एकच. गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या सोडा, त्यांच्या उवा वेगळ्या. पोरींच्या डोक्यातल्याही वेगळ्या, घोड्याच्या उवा माणसावर राहत नाहीत, आयाबायांनी घाबरू नये.

सामानाचंही त्याच दिवशी बघा. आम्ही जुनी सोलापुरी चादर झूल म्हणून वापरतो, ती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकतो. वरातीची मखमली झूल, कलगी उकळता येत नाही. ती प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून ३ आठवडे बाजूला ठेवा. घोड्याचं अंग सुटलं की ऊ फार दिवस जगत नाही. खरारा प्रत्येक घोड्याचा वेगळा असावा. लिखा काढायची घरातली बारीक फणी आयाळीसाठी फार कामाची, फक्त ती परत घरात नेऊ नका, घरचे बोलतात.

बाजारातून नवं जनावर आणलं की विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी आयाळ तिथेच उलटून बघा. घरी आणल्यावर ३ आठवडे दावणीला नको. चंदीचं तोबरं वेगळं, पाण्याची बादली वेगळी, आणि बाकीच्यांच्या मानेला त्याची मान लागणार नाही इतक्या लांबच्या खुंटीला बांधा.