घातांकाच्या नियमाने अवकलन करताना या चुका टाळा

क्ष^न या फलनाचा अवकलज (म्हणजे त्याच्या आलेखाचा त्या त्या बिंदूवरील चढ) न·क्ष^(न−१) असतो, हा नियम पटकन पाठ होतो आणि म्हणूनच घाईने वापरलाही जातो. (क्ष^५ म्हणजे क्षचा पाचवा घात, असे येथे लिहिले आहे.) गणित चुकते ते बहुधा नियम विसरल्यामुळे नव्हे, तर समोरची राशी नियमाच्या रूपात आहे का, हे न पाहताच घातांक खाली उतरवल्यामुळे. पाया हा चल आणि घातांक हा स्थिरांक, एवढीच अट आहे. पण ती काटेकोर आहे.

२^क्ष या फलनात ही अट उलटी होते. तरीही अनेक जण त्याचा अवकलज क्ष·२^(क्ष−१) असा लिहितात. क्ष = ० घेतल्यास या उत्तरानुसार आलेखाचा चढ शून्य येतो, पण २^क्षचा आलेख तर सतत चढत जातो आणि कोठेही सपाट होत नाही. खरा अवकलज म्हणजे २^क्ष गुणिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, जो सुमारे ०.६९३ आहे. याउलट π^२ मध्ये चल मुळीच नाही. ती निव्वळ संख्या असल्यामुळे तिचा अवकलज २π नसून शून्य आहे.

सर्वाधिक गुण जातात ते अपूर्णांक आणि वर्गमूळ यांपायी. १/क्ष^२ पाहून छेदातल्या छेदात अवकलन करून १/(२क्ष) लिहिणे चूक आहे. आधी ती राशी क्ष^(−२) अशी लिहावी, मगच नियम लावावा. उत्तर −२क्ष^(−३) येते. √क्ष म्हणजे क्ष^(१/२), त्याचा अवकलज १/(२√क्ष). सहगुणकाकडेही लक्ष हवे: १/(५क्ष^२) म्हणजे (१/५)क्ष^(−२), ५क्ष^(−२) नव्हे, कारण ऋण घातांक फक्त क्षला लागतो, ५ ला नाही.

कंसाचा घात असेल, तर साखळी नियमाची, म्हणजे कंसातल्या राशीच्या अवकलजाने गुणण्याची, जोड लागते: (३क्ष+१)^४ चा अवकलज ४(३क्ष+१)^३ वर थांबत नाही, त्याला आतल्या ३ ने गुणून १२(३क्ष+१)^३ होतो. गुणाकारात दोन्ही अवयवांचे वेगवेगळे अवकलज काढून ते गुणू नयेत. क्ष^२·क्ष^३ साठी तसे केल्यास ६क्ष^३ येते, प्रत्यक्षात उत्तर ५क्ष^४ आहे.

ऋण घातांकातून १ वजा करताना होणारी चूक मात्र डोळ्यांना सहज दिसत नाही. −३ मधून १ वजा केल्यास −४ येतात, −२ नव्हे. म्हणून क्ष^(−३) चा अवकलज −३क्ष^(−४) आहे. शंका आल्यास आकडे घालून ताळा पाहावा, पण क्ष = १ घेऊ नये, कारण तेथे −३क्ष^(−४) आणि −३क्ष^(−२) या दोहोंची किंमत −३ च येते आणि चूक झाकली जाते. क्ष = २ घ्यावे. तेथे फलनाची किंमत ०.१२५ आहे आणि क्ष = २.०१ ला ती सुमारे ०.१२३१४४ होते, हा फरक ०.०१ ने भागल्यास −०.१८५६ च्या आसपास संख्या मिळते. बरोबर उत्तर −०.१८७५ देते, चुकीचे −०.७५.