‘पाच वेळा वाचलंय की!’ : अभ्यासातल्या या चुका टाळा

"सर, पाच वेळा वाचलंय की!" असं म्हणणारं पोर खोटं बोलत नसतं. नववीच्या वर्गात हे मी दरवर्षी ऐकतो. परवा एकीने ‘गतीचे नियम’ हा धडा उघडून दाखवला. पान हायलायटरने पिवळंधमक, विस्थापनाची, म्हणजे निघालो तिथपासून पोहोचलो तिथपर्यंतच्या सरळ अंतराची, व्याख्या तोंडपाठ. म्हटलं, "रंकाळा तलावाला एक फेरी मारून निघालीस तिथंच परत आलीस, तर विस्थापन किती?" ती गप्प. वहीवर गोल काढला, सुरुवातीला टिंब दिलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. पेन्सिल फिरून टिंबावर टेकली तशी म्हणाली, "शून्य! मग एवढं चाललेलं?" म्हटलं, "ते कापलेलं अंतर, विस्थापन नव्हे."

सगळ्यात मोठी चूक हीच, नुसतं पुन्हा पुन्हा वाचणं. ओळ ओळखीची वाटली की मुलाला धडा आला असं वाटतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर मजकूर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी अभ्यास त्या लाल अक्षरांचाच. आठवड्याने पुन्हा कोरा कागद.

गाइड आधी आणि धडा नंतर, असं करू नका. उत्तर हाती आलं की धडा कुणी वाचत नाही.

काही मुलांची अडचण मात्र अभ्यासाची नसतेच. नववीत येऊनही ती जोडाक्षरांना अडखळतात आणि घरी ‘आळशी’ म्हणून बोलणी खातात. मला याचं फार वाईट वाटतं. अशा मुलाला भर वर्गात उभं करून वाचायला लावू नका. घरी रोज दहा मिनिटं शेजारी बसा. एक परिच्छेद तुम्ही वाचा, तोच मग त्याला वाचू द्या. करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासून आपल्या कोल्हापुरात आहे. तिथं घेऊन जा, आणि पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या, पातळ असलं तरी चालेल. ‘स्वातंत्र्योत्तर’ला अडलं तर शब्द फोडून द्या : स्वातंत्र्य, उत्तर. मग थांबा. जोडून त्यालाच म्हणू द्या.