टीव्हीवर हवं ते अ‍ॅप मिळत नाही? या चुका टाळा

दिवाळीत सिडकोतल्या आत्यानं महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून नवा स्मार्ट टीव्ही घेतला. संध्याकाळी फोन आला, "अगं, माझं कीर्तनाचं अ‍ॅप यात दिसतच नाही." मी गेले तेव्हा ती चष्मा लावून रिमोटनं एकेक अक्षर शोधत होती आणि पडद्यावर दर वेळी तेच, 'काहीही सापडले नाही'. चित्र सुरेख, आवाज खणखणीत. पण त्या टीव्हीच्या स्टोअरमध्ये ते अ‍ॅपच नव्हतं आणि दुकानात कुणी ते सांगितलं नव्हतं. पैसे आपण मोजायचे आणि आपल्याच घरात काय लागेल ते कंपनीनं ठरवायचं, याची मला खरंच चीड येते.

पहिली चूक इथेच होते. खोक्यावर चार मोठ्या अ‍ॅपची नावं बघून आपण समजतो की सगळंच चालेल. टीव्ही ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते कंपनीगणिक वेगळं असतं: सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस, अ‍ॅमेझॉनचं फायर टीव्ही, गूगल टीव्ही, प्रत्येकाचं स्टोअर वेगळं. एकासाठी बनवलेलं अ‍ॅप दुसऱ्यावर आपोआप येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी डिस्प्लेच्या टीव्हीवर स्टोअर उघडायला लावा आणि तुमच्या अ‍ॅपचं नाव टाकून बघा. दुकानात वायफाय नसेल तर आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. सेल्समन कंटाळला तरी चालेल. वर्षाचं सबस्क्रिप्शनही यानंतरच भरा.

टीव्हीला जोडायचा स्वस्त 'अँड्रॉइड बॉक्स' घेताना गूगल आणि नेटफ्लिक्सची मान्यता आहे का ते विचारा. ती नसेल तर नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप मिळत नाहीत, मिळाली तरी चित्र धूसर दिसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अ‍ॅप अडलं की ते काढून टाकणं किंवा टीव्ही फॅक्टरी रीसेट करणं, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करणं. अमेरिकेत एप्रिल 2021 मध्ये रोकू (टीव्हीवर अ‍ॅप चालवणारी उपकरणं बनवणारी कंपनी) आणि गूगलचं बिनसलं आणि यूट्यूब टीव्ही हे गूगलचं, पैसे भरून टीव्ही चॅनेल बघायचं अ‍ॅप रोकूच्या स्टोअरमधून गेलं. ज्यांच्याकडे ते आधीपासून होतं त्यांचं चालू राहिलं. ज्यांनी ते डिलीट केलं त्यांना परत घेता येईना. समझोता झाला थेट डिसेंबरमध्ये. फायर टीव्हीवरचं यूट्यूबही असंच अ‍ॅमेझॉन-गूगलच्या भांडणात अडकलं आणि जुलै 2019 मध्ये परतलं. यात ग्राहकाचा काय दोष होता?

त्यामुळे आधी तेच अ‍ॅप त्याच वायफायवर मोबाइलमध्ये लावून बघा. तिथे चालत असेल तर राउटरवाल्याला बोलावून पैसे घालवू नका. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करा, सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचा फक्त कॅशे, म्हणजे साठलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ करा. 'क्लिअर डेटा' दाबलंत तर पुन्हा लॉगिन करावं लागेल. अ‍ॅप स्टोअरमध्ये दिसतच नसेल तर अकाउंटचा देश भारत आहे ना, तेही तपासा.

कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली एपीके फाइल (स्टोअरशिवाय अ‍ॅप टाकायची अँड्रॉइडची फाइल) टाकणं हा उपाय नव्हे. मोबाइलसाठीचं अ‍ॅप बऱ्याचदा रिमोटला दादच देत नाही, शिवाय त्यातून काय आत शिरेल याचा भरवसा नाही.

ही तक्रार आपल्या एकट्याची नाही. टीव्ही कंपन्यांवर गूगलनं घातलेल्या अटींचं प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेलं होतं. एप्रिल 2025 मध्ये गूगलनं 20.24 कोटी रुपये भरून ते मिटवलं आणि प्ले स्टोअरचा परवाना भारतातल्या टीव्हींसाठी स्वतंत्रपणे द्यायचं मान्य केलं. तक्रार केली की हालचाल होते, म्हणून सांगते.

एखादं अ‍ॅप चालेल असं जाहिरातीत किंवा बिलावर लिहून दिलं असेल आणि ते चालत नसेल, तर बिल, खोक्याचा फोटो आणि पडद्याचा फोटो जपून ठेवा. दुकानदार टोलवाटोलवी करू लागला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

आत्याच्या टीव्हीला मी तिच्या नातवाचा जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलनं जोडून दिला. ब्राउझरमध्ये त्या अ‍ॅपची वेबसाइट उघडली आणि रात्री आठच्या कीर्तनाला ती वेळेवर बसली.