रिंग जाते, चेहरा दिसत नाही: घरच्या राउटरमागून व्हिडिओ कॉल

ताईचा कॉल यायचा, रिंग वाजायची, मी उचलायचे आणि पडद्यावर नुसता काळा चौकोन. आई चष्मा पुसून शेजारी बसलेली. थोडा वेळ 'कनेक्टिंग' दिसायचं, मग कॉल तुटायचा. तीन रविवार हेच झालं. दरवेळी मी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. चौथ्या रविवारी भाचीलाही कॉलमध्ये घेतलं आणि ती आल्याबरोबर ताई दिसायला लागली! भाची बाहेर पडली की पुन्हा काळोख. कोडं तिथेच सुटायला लागलं.

रिंग आणि चित्र वेगवेगळ्या वाटांनी येतात. 'अमुकचा कॉल आलाय' हा निरोप अ‍ॅपच्या सर्व्हरवरून येतो, वेबपान उघडावं तसा, त्यामुळे तो सहसा अडत नाही. आवाज आणि चित्र मात्र बहुतेक वेळा यूडीपीने, म्हणजे पोचपावतीची वाट न बघता माहिती पाठवण्याच्या पद्धतीने जातं, आणि दोघांच्याच कॉलमध्ये अनेक अ‍ॅप ते थेट एका घरातून दुसऱ्या घरात पाठवायला बघतात. तिसरं माणूस आलं की सगळं सर्व्हरमार्गे. म्हणून तिघांचा कॉल चालतो आणि दोघांचा अडतो, असं असेल तर कॅमेरा, माइक, अ‍ॅप यांच्यामागे लागू नका. अडचण वाटेत आहे.

थेट वाट अडते ती नॅटमुळे. घरातल्या फोनला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो घरापुरताच असतो. माहिती बाहेर जाताना राउटर तिच्यावर आपला पत्ता आणि एक पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर, लावतो. या अदलाबदलीलाच नॅट म्हणतात. स्टन नावाचा सर्व्हर अ‍ॅपला सांगतो, 'तू बाहेरून या पत्त्यावर, या पोर्टवर दिसतोस', आणि अ‍ॅप तोच पत्ता समोरच्याला कळवतं. पण काही राउटर प्रत्येक ठिकाणासाठी नवा पोर्ट काढतात. मग स्टनने सांगितलेला पोर्ट समोरच्याच्या कामाचा राहत नाही. अशा वेळी टर्न नावाचा मधला सर्व्हर लागतो, जो दोघांचं चित्र इकडून तिकडे पोचवतो. अ‍ॅपकडे तो नसेल, किंवा त्याच्यापर्यंतची वाटही बंद असेल, तर काळा चौकोन.

आता तपासणी. आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर कॉल लावा. लागला तर दोष घरच्या जोडणीत. नाही लागला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मोबाइल नेटवर्कवरही असंच नॅट असतं.

मग राउटरचं पान उघडा आणि स्टेटसमध्ये वॅन किंवा इंटरनेट आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. माझ्या राउटरवर तिथे १९२.१६८.१.४ होतं. बाहेरच्या बाजूलाही घरगुती पत्ता, म्हणजे वर आणखी एक राउटर. सेवा देणाऱ्यांनी बसवलेला डबा नुसता मोडेम आहे असं मी धरून चालले होते, पण तोही राउटरचंच काम करत होता. १०. ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी वर दुसरं नॅट आहे असंच समजा.

उपाय दोन. वरच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे नॅट फक्त तुमचा राउटर करेल. किंवा तुमच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. मी पहिला निवडला, कारण वरच्या डब्यात सेटिंगच फार थोडी होती. ब्रिज मोड कधीकधी सेवा देणाऱ्यांनाच लावावा लागतो. फोन करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका, 'डबल नॅट होतंय, ब्रिज मोड हवा' असं सांगा. त्याआधी जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड लिहून ठेवा, कारण पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लागणारी जोडणी) असेल तर ते आता तुमच्या राउटरमध्ये भरावं लागतं.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल तर ते नॅट सेवा देणाऱ्यांच्या बाजूला आहे, घरातून ते निघणार नाही. राउटरमध्ये आयपीव्ही६, म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत, चालू करून बघा. दोन्ही घरांत ते असेल तर नॅटचा प्रश्नच उरत नाही. नाहीतर सेवा देणाऱ्यांकडे सार्वजनिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा बाहेरचा पत्ता, मागा, किंवा मधला सर्व्हर वापरणारं अ‍ॅप घ्या.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे राउटरचं एखादं दार बाहेरून घरातल्या यंत्राकडे कायमचं उघडून ठेवण्याच्या, नादी बहुतेकांनी लागू नये. कॉल आतून बाहेर जातो, त्याला ते लागत नाही. घरीच जित्सी या व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर चालवत असाल तर यूडीपी १०००० आणि टीसीपी ४४३ उघडावे लागतात, ती गोष्ट वेगळी. राउटरच्या डीएमझेड सेटिंगमध्ये लॅपटॉप टाकण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका, त्याने सगळे पोर्ट बाहेरच्यांना खुले होतात. राउटरमधलं यूपीएनपी हे सेटिंग चालू केलं की घरातलं कुठलंही यंत्र न विचारता पोर्ट उघडू शकतं. माझ्याकडे ते बंदच आहे आणि कॉल नीट चालतात. एसआयपी एएलजी नावाचं बटण दिसलं तर बंद करा. एसआयपी या कॉल जोडण्याच्या पद्धतीवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये आवाज एकाच बाजूने येत असेल तर बऱ्याचदा तेच कारण असतं.

चित्र येतं पण अडखळतं, ही निराळी तक्रार. तेव्हा कुणाच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढताहेत का ते आधी पाहा.

थेट वाट सापडली की नाही हे डोळ्यांनी बघता येतं. ब्राउझरमधून कॉल लावा, फायरफॉक्सच्या दुसऱ्या टॅबमध्ये अ‍ॅड्रेस बारवर इंग्रजीत अबाउट, कोलन, वेबआरटीसी असं टाइप करा. जोडण्यांच्या तक्त्यात 'रिले' दिसलं तर चित्र मधल्या सर्व्हरवरून चाललंय, 'एसआरएफएलएक्स' दिसलं तर स्टनने सांगितलेला पत्ता कामी आलाय. ब्रिज मोड लागला त्या संध्याकाळी माझ्या तक्त्यात एसआरएफएलएक्सची ओळ 'सक्सीडेड' झाली, आणि आईने ताईला पहिलं वाक्य विचारलं, "केस कधी कापलेस गं?"