गावातला छोटा व्यवसाय अडतो कुठे? मदत करताना या चुका टाळा

नागपूरहून उमरेड-भिवापूरकडे, कुहीकडे किंवा रामटेक ओलांडून देवलापारकडे जाताना जी गावे लागतात, त्यांत एखादे किराणा दुकान, पिठाची गिरणी, एखादी तेलघाणी, शिवणकाम करणारी एखादी बाई आणि सांडगे, सरगुंडे, तिखट विकणारा एखादा बचत गट हमखास असतो. यांपैकी एखादा व्यवसाय बंद पडला की गावात दोनच कारणे सांगितली जातात, एक म्हणजे भांडवल नव्हते आणि दुसरे म्हणजे मार्केट मिळाले नाही. अशा व्यवसायांच्या आणि गटांच्या वह्या तपासून देण्याचे काम मी काही वर्षांपासून करत आहे, आणि त्या वह्यांवरून मला वेगळेच दिसते. भांडवल बहुतेक वेळा असते, पण ते ज्या महिन्यात हातात हवे त्या महिन्यात दुसरीकडे अडकलेले असते. मदत करणारी संस्था, बँक किंवा शहरात नोकरीला लागलेला घरचा मुलगा हे न पाहता आणखी पैसे किंवा आणखी यंत्रे देतो, आणि तीही तशीच अडकतात.

यंत्र आधी, विजेची चौकशी नंतर

रामटेक तालुक्यातील एका गावात एका संस्थेने महिला गटाला पापड व शेवयांचे यंत्र दिले. उद्घाटन झाले, फोटो निघाले. यंत्राची मोटार थ्री फेजवर चालणारी होती आणि ज्या समाजमंदिरात ते बसवले, तिथे सिंगल फेजची जोडणी होती. मी गेलो तेव्हा यंत्रावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर धान्याची पोती ठेवलेली होती. गटाचा त्यात काही दोष नव्हता, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

अशा वेळी एक चुकीचा उपाय हमखास सुचवला जातो, तो म्हणजे जवळच्या शेतातील कृषिपंपाच्या जोडणीवरून मोटार चालवणे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार ज्या कामासाठी जोडणी मंजूर झाली त्याहून वेगळ्या कामासाठी वीज वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. शिवाय शेतीच्या वाहिनीला वीज ठरावीक तासच, कित्येकदा रात्रीच मिळते, त्यामुळे गिऱ्हाईक दळण घेऊन येते तेव्हा चक्की बंद असते. यंत्र निवडण्यापूर्वी जोडणी कोणती आहे, मंजूर भार किती आहे, दिवसातून किती तास विजेचा दाब पुरेसा असतो आणि मोटार जळली तर दुरुस्ती करणारा किती किलोमीटरवर आहे, एवढे कागदावर लिहून घ्यावे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मोटार दुरुस्तीसाठी प्रत्येक वेळी नागपूरला न्यावी लागत असेल तर भर हंगामातला आठवडा वाया जातो.

स्वतःची मजुरी न धरता काढलेला भाव

आकड्यांचे एक उदाहरण घेऊ. समजा एका गटाने २०० रुपये किलोने १० किलो वाळलेली मिरची घेतली, म्हणजे २,००० रुपये झाले. देठ काढून, ऊन देऊन आणि दळून ८.५ किलो तिखट उरले. दळणाचे २०० रुपये आणि १०० ग्रॅमच्या ८५ पाकिटांचे, नगाला ३ रुपये धरून, २५५ रुपये लागले. गटाने हिशेब केला तो एवढाच, म्हणजे एकूण २,४५५ आणि पाकिटामागे सुमारे २९ रुपये. म्हणून पाकीट ३५ रुपयांना विकले आणि सहा रुपये नफा झाला असे सगळ्यांना वाटले.

आता त्यात दोन बायांची एक-एक दिवसाची मजुरी, ३०० रुपयांप्रमाणे ६०० रुपये, आणि एसटीने नागपूरला जाण्यायेण्याचे १५० रुपये मिळवा. खर्च ३,२०५ झाला, म्हणजे पाकिटामागे जवळजवळ ३८ रुपये. ज्याला नफा समजले तो प्रत्यक्षात पाकिटामागे पावणेतीन रुपयांचा तोटा होता आणि तो त्या दोन बायांच्या घामातून भरून निघत होता. सोयाबीन काढणीची मजुरी मिळू लागताच अशा गटातल्या बाया येईनाशा होतात आणि मदत करणारे म्हणतात की महिलांमध्ये चिकाटी नाही. चिकाटीचा प्रश्न नसतोच, शेतात रोख मिळते आणि गटात मिळत नाही, इतकाच तो हिशेब असतो.

शहरातल्या दुकानात माल ठेवायचा असेल तर दुकानदाराचा हिस्साही आधीच धरावा लागतो. छापील किंमत ५० रुपये ठेवली आणि दुकानदाराने २० टक्के घेतले, तर हातात ४० येतात आणि पाकिटामागे सव्वादोन रुपयेच उरतात. ८५ पैकी पाच पाकिटे खराब होऊन परत आली की तेही गेले.

उधारी पूर्ण बंद करणे किंवा पूर्ण मोकळी सोडणे

शहरातून आलेला सल्लागार पहिल्याच दिवशी ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावायला सांगतो. ज्या गावात सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापसाचा त्यानंतर आणि तेंदूपत्त्याचा उन्हाळ्यात येतो, तिथे पावसाळ्यात उधारी न देणाऱ्या दुकानात कोणी येणार नाही, आणि दिवाळीत तेच गिऱ्हाईक रोख घेऊन दुसऱ्या दुकानात जाईल. उधारी ही गावाच्या पीकचक्राशी बांधलेली आहे, म्हणून ती मोडायची नसते, तिला कुंपण घालायचे असते.

कुंपण नसले तर काय होते ते पाहा. समजा दुकानात ६०,००० रुपयांचा माल आहे, तो महिन्यातून एकदा फिरतो आणि त्यावर दहा टक्के, म्हणजे ६,००० रुपये सुटतात. घरखर्चही तेवढाच आहे. जूनच्या सुरुवातीला पेरणीच्या धांदलीत ४०,००० रुपयांचा माल उधारीत गेला आणि नागपूरच्या इतवारी बाजारातून नवा माल आणायला २०,००० च उरले. आता मिळकत २,००० रुपये होते, खर्च मात्र ६,००० च राहतो, म्हणजे पहिल्याच महिन्यात ४,००० रुपये भांडवलातून जातात. पुढच्या महिन्यांत माल घटत जातो तशी मिळकतही घटते, आणि सप्टेंबरअखेर दुकानात जेमतेम दीड हजाराचा माल राहतो. उधारी वसूल होण्याची वेळ ऑक्टोबरमध्ये येते, पण तोवर फळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि रिकाम्या दुकानाची उधारी फेडण्याची घाई कोणाला नसते. गावातली दुकाने पोळ्यानंतर का बंद पडतात, याचे मला सापडलेले उत्तर हे एवढेच आहे.

यावर जूनमध्ये आणखी ५०,००० चे कर्ज मिळवून देणे ही मदत नव्हे, कारण तेही उधारीतच जाते. एकूण उधारी भांडवलाच्या एक-तृतीयांशाहून जास्त होऊ द्यायची नाही, दर घराची मर्यादा वेगळी ठरवायची आणि ‘पीक निघाल्यावर’ असे मोघम न लिहिता ‘लक्ष्मीपूजनापर्यंत’ असे ठरलेले लिहून गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा घ्यायचा, एवढे तरी करावे. काही गावांत याहून चांगली वाट निघालेली मी पाहिली. तिथे गिऱ्हाईक असलेली बाई बचत गटाची सभासद असते, ती गटातून छोटे अंतर्गत कर्ज घेते आणि दुकानदाराला रोख देते. दुकानदाराचा पैसा फिरत राहतो, व्याज गटातच राहते, आणि वसुली दुकानदाराच्या ओट्यावर चारचौघांत न होता गटाच्या बैठकीत होते. वसुलीसाठी कोणाचे नाव पाटीवर लिहिणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्या घराचा पैसाही जातो आणि ते घरही जाते.

हंगामी कारागिरांचेही असेच असते. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करणाऱ्या सुताराचे लाकूड आणि रंग आधीच्या दोन-तीन महिन्यांत विकत घेतले जातात आणि विक्री मात्र आठवड्याभरात आटोपते. त्याला पहिल्या महिन्यापासून हप्ता सुरू होणारे कर्ज देऊ नये.

अनुदान पाहून धंदा निवडणे

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील नव्या उद्योगाला सर्वसाधारण गटात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आदी विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले. अर्जदार समजतो की ही रक्कम हातात येईल आणि तिच्यातून कच्चा माल घेता येईल. प्रत्यक्षात अनुदान बँकेकडे राहते आणि कर्जखाते नीट चालले तर तीन वर्षांनंतर कर्जात वळते होते. त्यामुळे प्रकल्प अहवालात यंत्रे भरपूर आणि खेळते भांडवल, म्हणजे कच्चा माल आणि रोजच्या खर्चासाठी लागणारा पैसा, नावापुरते असले की, तिसऱ्याच महिन्यात यंत्र तयार असते आणि दळायला मिरची नसते. अहवाल लिहून देणाऱ्याला खेळत्या भांडवलाचा आकडा कसा काढला हे जरूर विचारावे. उत्तर देताना तो घुटमळला तर अहवाल कुठून तरी उतरवलेला आहे असे समजावे.

मुद्रा कर्ज केवळ यंत्रासाठीच मिळते, हाही एक गैरसमज आहे. ते खेळत्या भांडवलासाठीही मिळते, आणि शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारण द्यावे लागत नाही. याउलट दर आठवड्याला हप्ता मागणारे सूक्ष्मकर्ज हंगामी धंद्याला जुळत नाही, कारण एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घेतले जाते. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नयेत. मदतनीसाने हा निम्म्याचा हिशेब घरी बसून करून द्यावा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

एकाच गावात एकाच वर्षी वीस शिलाई मशिनी वाटणे ही चूक तर इतकी उघड आहे की तिच्यावर लिहिण्याची वेळ यायला नको होती.

गावातला माल शहरात नेताना

आठवडी बाजारात ओळखीवर खपणारा माल नागपूरच्या दुकानात गेला की नियम बदलतात. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर हवा, शिवाय उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, आहे, पण ते नाव मानांकित म्हणून छापायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते. ती नसताना छापले तर नसती कटकट ओढवते.

माल परत आला तर लगेच गिऱ्हाइकाला दोष देऊ नये, पाकीट उघडून पाहावे. तिखटाच्या गाठी झाल्या असतील तर मिरची पुरती वाळली नव्हती किंवा पावसाळी हवेत पाकिटे भरली गेली. रंग उतरला असेल तर पारदर्शक पाकीट उजेडात राहिले. जवसाच्या चटणीला उग्र वास येत असेल तर तेल खवट झाले आहे. जवसाचे तेल हवेशी संपर्क येताच फार लवकर बिघडते, म्हणून ती चटणी थोडी-थोडी करावी, हवाबंद व अपारदर्शक डब्यात भरावी आणि दिवाळीची ऑर्डर दसऱ्याआधी तयार करून ठेवू नये. मिरची जमिनीवर न वाळवता स्वच्छ ताडपत्रीवर किंवा उंच मांडवावर वाळवली तर बुरशीचा धोका पुष्कळ कमी होतो.

शहरातल्या खरेदीदाराने पैसे थकवले तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशिरासाठी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी आणि माल पोचल्याची सही असलेली चिठ्ठी लागते. ‘भाऊ ओळखीचे आहेत’ म्हणून ती चिठ्ठी न घेणे ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

वही दुसऱ्याने लिहिणे

संस्थेचा कर्मचारी दर महिन्याला येऊन बारा रकान्यांचे छापील रजिस्टर भरून जातो आणि प्रकल्प संपला की त्या रजिस्टरची पाने कोरी राहतात. कुही तालुक्यातील एका गटात सहावीपर्यंत शिकलेल्या एक ताई साध्या शाळकरी वहीत ‘आले’ आणि ‘गेले’ असे दोनच रकाने लिहितात, आणि शेवटच्या पानावर उधारीची नावे, रक्कम व ठरलेला सण लिहितात. ती वही तपासायला मला दहा मिनिटे लागतात, आणि गटाचा पैसा कोणत्या महिन्यात अडकतो हे त्या ताईंना माझ्या आधी ठाऊक असते.