थाई रीतीने नावे आणि चेहरे लक्षात ठेवताना

बँकॉकमधील खानावळीत दुसऱ्यांदा गेल्यावर मालकीणबाईंनी नावाने हाक मारली, की पाहुणा सुखावतो. ही हातोटी तेथील नावांच्या रीतीतून शिकता येते.

थायलंडमध्ये आडनावे १९१३ च्या कायद्याने आली, तरी आजही औपचारिक प्रसंगीसुद्धा माणसाला पहिल्या नावानेच संबोधतात. म्हणून आडनावामागे न लागता ओळख होताच टोपणनाव विचारावे. ते बहुधा एक-दोन अक्षरांचे असून त्याला अनेकदा साधा अर्थ असतो: नोक म्हणजे पक्षी, कुंग म्हणजे कोळंबी, लेक म्हणजे लहान. हा अर्थ चेहऱ्याशी जोडावा. कुंगबाई हसताना भुवई वर चढत असेल, तर त्या भुवईत कोळंबीचा बाक पाहावा. नाव सहसा निसटत नाही.

माझ्या मते खरी किल्ली संबोधनात आहे. वयाने मोठ्या व्यक्तीच्या नावाआधी ‘फी’ आणि लहान व्यक्तीच्या नावाआधी ‘नाँग’ लावायचे असल्यामुळे समोरच्याचा चेहरा नीट न्याहाळल्याशिवाय हाक मारणेच शक्य होत नाही, आणि त्या दोन क्षणांच्या निरखण्यातच चेहरा मनात ठसतो. अंदाज येत नसेल, तर आदरार्थी ‘खुन’ वापरावे. हा शब्द संस्कृत ‘गुण’वरून आला आहे.

औपचारिक नावे लांब असली, तरी मराठी माणसाला पुष्कळदा ओळखीची वाटतात: विचाई म्हणजे आपला विजय, सुरिया म्हणजे सूर्य.

निरोप घेताना हात जोडून, डोळ्यांकडे पाहत, ते नाव पुन्हा एकदा उच्चारावे.